हाकेची जागा

माझ्या बायकोने, इर्याने, बनवलेली रेडिओची अँटेना गोठ्यात पडून होती. गोठ्यात गाई नाहीत, त्या आम्ही केव्हाच विकल्या. म्हणून पाच आडव्या दांड्यांचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा तिथे मावत होता. तिरका ठेवावा लागला होता, पण मावत होता.

आधीची अँटेना बर्फाच्या ओझ्याने अंगणातल्या मनोऱ्यावरच मोडली. नवी विकत घ्यायला इर्या तयार नव्हती. पोस्टात नोकरीला असताना तिला रेडिओचा नाद लागला आणि तो शेवटपर्यंत राहिला. या अँटेनेची प्रत्येक दांडी तिने स्वतः मोजली, स्वतः कापली. तिची बोटं आखडायची, म्हणून स्क्रू मला पिळायला सांगायची, आणि मी पिळला की एकदा पुन्हा स्वतः पिळून बघायची. काम संपलं आणि ती आजारी पडली. फेब्रुवारीत गेली.

इस्पितळात एकदा म्हणाली होती, "ओर्वो, पुढच्या बर्फाच्या आधी ती वर चढवून टाक. गोठ्यात तिच्यावर उंदीर नाचतील."

मी हो म्हणालो.

मला रेडिओतलं काही कळत नाही. इर्या खोलीत बसून मोर्सची टकटक करायची, मी स्वयंपाकघरात बटाटे सोलायचो आणि ऐकायचो. मला कळतात ते दोर. तरुणपणी मी नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या टोळीत होतो. गाठी तिथे शिकलो. पुढे आमच्या अंगणात मनोरा उभा राहिला तेव्हा त्याच गाठी कामाला आल्या.

आता अडचण अशी होती की ती अँटेना वाकली असती तर दुसरी होणार नव्हती. मापं सगळी इर्याच्या डोक्यात होती. तिच्या रेडिओ क्लबातल्या लोकांनी तशी एखादी केली असती, चांगलीही केली असती, पण ती इर्याची नसती. मला ती होती तशी, सरळ, वर गेलेली बघायची होती. बाकी काही नको होतं. उन्हाळाभर मी रोज गोठ्याचं दार उघडून बघायचो आणि परत लावायचो. कुणाला फोन करायचं धाडस होत नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता ताइस्तोचाच फोन आला. ताइस्तो क्लबात सगळ्यांत जुना. वीज मंडळात तारांवर काम करून निवृत्त झालेला.

"शनिवारी येतोय," तो म्हणाला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझं थोबाड बघायला. अरे, अँटेना चढवायची ना? की वेल चढवायला गोठ्यातच ठेवणार आहेस?"

"किती जण येताय?"

"ते तू बघू नकोस. तू सूप कर आणि सौना तापव."

आमच्याकडे अशा कामाला पैसे देत नाहीत. इर्जिकच असते ती. ज्याच्या घरचं काम त्याने जेवण घालायचं, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायची, आणि दुसऱ्याच्या अंगणात काम निघालं की आपण जायचं. आजवर सूप इर्या करायची. मी वाटाणे शुक्रवारीच भिजत घातले.

शनिवारी सकाळी अंगणात गाड्यांना जागा उरली नाही. क्लबातले तर आलेच, शिवाय शेजारचा क्योस्ती आला. त्याचा रेडिओशी संबंध एवढाच की इर्या बोलायला लागली की त्याच्या टीव्हीवर रेघा यायच्या. वीस वर्षं तो त्यावरून भांडला होता. सोबत त्याची बायको पाउला, हातात भाताचं सारण भरलेल्या पिराक्क्यांची टोपली, वर त्यांना लावायच्या अंडं-लोण्याचा डबा.

"क्योस्ती, तू पण?" मी विचारलं.

"मग! आता परत टीव्हीवर रेघा येणार. त्या कशानं येतात ते तरी बघून घेतो."

सगळ्यांत शेवटी मेर्वी आली. मेर्वी क्लबातलीच, आमच्या तालुक्यात धुराडी साफ करते. उंचीची तिला भीती नाही. वर चढायचं काम तिचंच. ती उतरली, माझ्याकडे आली, माझ्या टोपीचं टोक खाली ओढलं आणि चढायचा पट्टा कमरेला बांधायला लागली.

आम्ही गोठ्यातून अँटेना बाहेर काढली. दिवस कोरडा होता, थोडा वारा होता.

काम कसं करायचं ते ठरलेलंच होतं. आमच्या मनोऱ्याला तीन बाजूंनी, दोन उंचींवर ताणाच्या तारा आहेत. अँटेना सरळ खालून वर ओढली तर ती त्या तारांत अडकणार. म्हणून मनोऱ्याच्या टोकापासून बटाट्याच्या वावरापलीकडच्या बर्च झाडापर्यंत एक जाड दोर तिरका ताणायचा. त्यावर कप्पी घालायची, कप्पीखाली अँटेना टांगायची, आणि तिला त्या दोरावरून तारांच्या वरून घसरत वर न्यायची. मनोरा एका बाजूला झुकू नये म्हणून पलीकडच्या बाजूला दुसरा दोर आवळायचा. ओढायचा दोर वेगळा. तो कप्पीपासून मनोऱ्याच्या टोकावर जातो, तिथून खाली पायथ्याशी येतो, तिथे दुसऱ्या कप्पीतून वळून अंगणात. तो धरून माणसं चालत जातात. ट्रॅक्टर लावायचा नाही. वर काही अडकलं तर ट्रॅक्टरला कळत नाही, माणसाच्या हाताला कळतं.

गाठी सगळ्या मी बांधल्या. अँटेनेच्या मधल्या नळीला दोन जागी पट्ट्या, त्यांना दोर, आणि दोराच्या टोकाला खुंट्याची गाठ. ही गाठ मला सगळ्यांत आवडते. तिचा फास कितीही ओझं आलं तरी आवळत नाही, आणि काम झालं की बोटाने सुटते. शेपटाकडे मागचा दोर. हा ज्याच्या हातात असतो तो अँटेना वळू देत नाही. तो नेहमी मीच धरायचो. पायथ्याशी, ओढायच्या दोरावर, मी बारीक दोरीची पकडगाठ घातली आणि ती मनोऱ्याच्या बुडाला बांधली. दोर ओढला जातोय तोवर ती सैल असते. दोर उलटा जायला लागला की त्याला घट्ट धरते.

"कितीदा तपासणार आहेस?" ताइस्तो म्हणाला.

"गाठ माझी आहे."

"गाठ तुझी, पण वय माझं आहे. सौनाच्या आधी मरायची माझी इच्छा नाही. चल."

मेर्वी वर पोचली. चौघांनी ओढायचा दोर धरला. पुढे ताइस्तो, शेवटी क्योस्ती. मी मागचा दोर घेतला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. तळघराशेजारी जमिनीतून वर आलेला एक सपाट खडक आहे. तिथून मनोऱ्याचं टोकही दिसतं आणि अंगणात दोर ओढणारी माणसंही. दुसरीकडून कुठूनही दोन्ही एकदम दिसत नाहीत. इर्या तिथे उभी राहायची. हाक तिची. ओढा, थांबा, सोडा, हे फक्त ती म्हणायची. वरचा माणूस तिच्याशी बोलणार, खालचे तिचं ऐकणार, आणि बाकी सगळ्यांची तोंडं बंद. आमच्या भागातल्या माणसांना तोंड बंद ठेवणं म्हणजे शिक्षा. एकाला विचारलं तर तिघं उत्तर देतात. म्हणूनच तिने तो नियम केला होता.

त्या दिवशी खडकावर कोणी नव्हतं.

सकाळपासून मी बघत होतो. माणसं सामान नेताना त्या खडकाला वळसा घालून जात होती. कोणी त्यावर थर्मास ठेवला नाही, कोणी बसलं नाही. हाक कोण देणार, हे कोणी विचारलंच नाही. मीही नाही. मला वाटलं ताइस्तोने ठरवलं असेल. ताइस्तोला वाटलं, मी कुणाला तरी सांगितलं असेल. ती जागा घ्यायला सगळ्यांनाच संकोच वाटत होता, आणि संकोच वाटतो हे बोलायलाही संकोच वाटत होता. इतकी बोलकी माणसं, आणि नेमकं तेवढंच कोणी बोललं नाही.

ताइस्तोने मान हलवली आणि चौघं चालायला लागले.

सुरुवातीला छान चाललं. अँटेना जमिनीवरून उठली, वावरावरून पुढे सरकली. मी मागचा दोर हळूहळू सोडत होतो. खालच्या तारांवरून ती अलगद गेली. मला वाटलं, झालं.

मग वारा फिरला. अँटेनेचं शेपूट माझ्या हातातून ओढ घेऊन बाजूला गेलं. मी धरलं, पण उशीर झाला. सगळ्यांत मागच्या दांडीचं टोक वरच्या तारेखाली जाऊन बसलं.

मेर्वी वरून ओरडली. वारा तिच्याकडून आमच्याकडे नव्हता, कुणाला काही कळलं नाही. ओढणाऱ्यांना दोर जड लागला. पण शेवटी शेवटी चढ वाढतो तेव्हा दोर जड लागतोच, ते त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी जोर लावला. दांडी धनुष्यासारखी वाकायला लागली. ते मला दिसत होतं.

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. खरंच निघाला नाही. इतकी वर्षं मागचा दोर धरून मी गप्प राहायला शिकलो होतो.

"थांबा!" ताइस्तो ओरडला.

"सोडा, सोडा!" क्योस्ती ओरडला.

दोघं थांबले, दोघांनी सोडलं. दोर ताइस्तोच्या हातमोज्यातून सर्रकन गेला. अँटेना वीतभर मागे आली, आणि तिथेच थबकली. पकडगाठीने दोर धरला होता.

कोणी हललं नाही. सगळ्यांनी वर बघितलं, मग एकमेकांकडे, आणि मग, मला वाटतं नकळतच, खडकाकडे.

मी मागचा दोर जवळच्या कुंपणाच्या खांबाला दोन वेढे देऊन बांधला. चालत खडकाकडे गेलो आणि वर चढून उभा राहिलो.

तिथून मी यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. कामाच्या वेळी मी नेहमी वावरात असायचो. वरची मेर्वी दिसत होती, तिचे हातवारे दिसत होते. तार, दांडी, दोर, खाली चार माणसं, सगळं एका नजरेत. आणि वारा तळघराच्या कोपऱ्यावरून वळून इथे येत असावा, कारण मेर्वीचं बोलणं इथे चक्क ऐकू येत होतं. इर्याला सगळं कसं कळायचं, याचं मला वीस वर्षं नवल वाटत आलं होतं.

"मेर्वी!" मी म्हणालो. पहिल्यांदा आवाज चिरका निघाला. परत म्हणालो. "मेर्वी, काय दिसतंय?"

"दांडी तारेखाली गेलीये! हातभर मागे घ्या, शेपूट गावाकडे ओढा, मग सुटेल!"

"मोडलीये का?"

"वाकलीये! मोडली नाही! अजून ओढलं तर मोडेल!"

इथेच गोम होती. मागे घ्यायचं तर पकडगाठ सैल करायला हवी, आणि ओझं असताना ती सैल होत नाही. आधी दोर बोटभर ओढावा लागतो. म्हणजे ती दांडी आणखी बोटभर वाकणार. त्यात मोडली तर मोडली.

सगळे माझ्याकडे बघत होते. ताइस्तोने विचारलं, "ओर्वो?"

"पाउला," मी म्हणालो, "खांबाचा दोर सोड आणि हातात धर. गावाकडे तोंड करून उभी राहा. मी सांगितल्याशिवाय ओढायचं नाही."

"मी? मला यातलं काय कळतं?"

"क्योस्तीला आवरतेस ना? मग हे सोपं आहे."

क्योस्ती काहीतरी म्हणणार होता. "तोंड बंद," मी म्हणालो. त्याने बंद केलं.

"ताइस्तो, गाठीपाशी जा. दोर सैल झाला की ती खाली ढकलून धरून ठेव. बाकीच्यांनी बोटभर ओढायचं. बोटभर म्हणजे माझं बोट. क्योस्तीचं नाही. ओढा रे."

त्यांनी ओढलं. दांडी वाकली. मी तिच्याकडे बघितलं नाही, मी ताइस्तोच्या हातांकडे बघत होतो.

"सुटली!" ताइस्तो म्हणाला.

"धरून ठेव. आता सोडा. हळू. हळू. अजून. थांबा. पाउला, ओढ."

पाउलाने ओढलं. तिने इतकं ओढलं की ती वावरात बसली. पण शेपूट फिरलं. दांडी तारेखालून सुटली आणि वरखाली डुलत राहिली. तिचा आवाज मला खडकावर ऐकू आला, ताटाला चमचा लागल्यासारखा.

"मोकळी!" मेर्वी ओरडली.

"पाउला, ठीक आहेस ना?"

"बटाट्यांत बसलेय! तुम्ही चालू द्या!"

पुढचं काम सावकाश झालं. मी ओढा म्हणालो की ओढत होते, थांबा म्हणालो की थांबत होते. मेर्वीने कप्पी हाताशी आल्यावर अँटेना धरली, कड्या अडकवल्या, बोल्ट लावले. मग बराच वेळ ती त्या मागच्या दांडीकडे बघत राहिली. तिथवर तिचा हात पोचत नव्हता.

"ओर्वो, टोकाला जरा वाकडी राहिलीये."

"किती?"

"खालून तुला दिसेल एवढी. चालायला हरकत नाही. ताइस्तो, चालेल ना?"

ताइस्तोने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "इर्याने आपल्याला तासभर शिव्या दिल्या असत्या," तो म्हणाला. "पण चालेल. झकास चालेल."

मला ती सरळच हवी होती. वाकडी झाली. पण वर होती, आणि तिचीच होती. मी अजून खडकावरच उभा होतो. मेर्वी वरून म्हणाली, "आणि ऐक, तू इर्यासारखा ओरडत नाहीस ते बरं आहे. मला उगाच वर बघत बसावं लागलं असतं, इर्याच वरून ओरडतेय की काय म्हणून."

मेर्वी तर आधीच मनोऱ्याच्या टोकावर होती, त्यामुळे ते वाक्य चुकलंच. सगळे हसले. मेर्वी स्वतःही हसली. बराच वेळ हसत होते. मीही हसलो, आणि हसता हसता रडलो, आणि कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. हे लक्ष न देणंही त्यांना चांगलं जमतं.

जेवायला आत आलो. सूप तळाला लागलं होतं. सगळ्यांनी एक एक चमचा घेतला आणि ताटलीकडे बघत राहिले.

"बरं झालंय," ताइस्तो म्हणाला.

"परत सुरू झालात का?" मेर्वी म्हणाली. "मघाशी असंच कोणी काही बोललं नाही म्हणून अँटेना तारेत गेली. ओर्वो, सूप करपलंय."

"करपलंय," क्योस्ती म्हणाला.

"चांगलंच करपलंय," पाउला म्हणाली, आणि पिराक्क्यांची टोपली टेबलाच्या मध्ये ठेवली.

मग सगळी एकदम बोलायला लागली. ताइस्तो म्हणाला की हाकेचं विचारायला त्याने गुरुवारी फोन उचलला होता आणि परत ठेवला. मेर्वी गाडीत बसून म्हणे वाक्य पाठ करत आली होती, आणि अंगणात मला बघून तिला फक्त माझी टोपी ओढता आली. क्योस्तीला तर वाटलं होतं की हाक देणारा माणूस जिल्ह्यातून येणार आहे. "अशा कामाला कुणी दाखलेवाला माणूस लागत असेल ना?" तो म्हणाला. मी त्यांना सांगितलं की मलाही तोंड उघडता आलं नव्हतं. इतक्या महिन्यांत त्या घरात इर्याचं नाव इतक्या वेळा कोणी घेतलं नव्हतं. कोणी आवाज बारीक करून घेत नव्हतं. तिने कुणाला कधी काय सुनावलं, तेच सगळे सांगत होते.

सौना झाली. अंधार पडायच्या आत बहुतेक जण गेले. मेर्वी मागे राहिली. तिने इर्याच्या खोलीत जाऊन तारा जोडल्या, आणि दाराशी येऊन विचारलं, "चालू करू? का नको?"

"कर," मी म्हणालो. "दर आठवड्याला येऊन करत जा. किल्ली पायरीखाली आहे."

मी स्वयंपाकघरात भांडं घासत बसलो. करपलेला भाग निघत नव्हता. आतून टकटक ऐकू यायला लागली. मेर्वीचा हात वेगळा आहे, इर्यापेक्षा सावकाश, मध्येच चुकते. थोड्या वेळाने फोन वाजला. क्योस्ती होता.

"रेघा येतायत," तो म्हणाला.

"बंद करायला सांगू?"

"नको," तो म्हणाला. "असू दे. पाउला पण बघतेय. आणि ऐक, ताइस्तोकडचा जुना मनोरा उतरवायचाय, पुढच्या शनिवारी. त्याला विचारायला लाज वाटतेय, म्हणून मी विचारतो. हाक देशील ना?"

"देईन," मी म्हणालो. मग म्हणालो, "क्योस्ती, तुम्ही आलात."

"मग काय झालं?"

"काही नाही. आलात म्हणून बरं झालं."

"हां," तो म्हणाला, आणि फोन चालू ठेवून तसाच टीव्ही बघत राहिला. मीही ठेवला नाही.